जेलातून आलेल्या भाच्याचा फेटा

फेटा बांधणं हे मनगटाचं काम आहे, डोक्याचं नाही. डोकं काय, कुणाचंही चालतं. हे वाक्य माझं नाही, आमच्या मालकांचं. शेती करून उरलेल्या वेळात ते गावाचे फेटे बांधायचे, आणि खरं विचाराल तर फेटे बांधून उरलेल्या वेळात शेती. धारूरच्या घाटाखालच्या आमच्या गावात लग्न कुणाचंही असो, वाडी-वस्ती कुठलीही असो, नवरदेव आधी आमच्या मालकांपुढं मान खाली घालून बसायचा. नांदूरघाटला एका लग्नात घोडा उधळला आणि नवरदेव खाली पडला. कोपरं सोलली, पायजमा फाटला, पण फेटा जागेवर. ही गोष्ट मालक इतक्या आनंदानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पडला ते बरं झालं.

त्या मनगटाचं हाड माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलानं मोडलं. त्यापायी तो जेलात गेला. सुटून आला तेव्हा त्याला परत कबड्डी खेळू द्यायची का नाही, हा प्रश्न गावानं त्याच मोडक्या मनगटापुढं आणून ठेवला. आणि मी मधी. एका अंगाला नवरा, दुसऱ्या अंगाला बहिणीचं लेकरू, आणि दोघांनाही जेवायला माझ्याच हातची शेंगदाण्याची चटणी पाहिजे. आता सांगते कसं कसं झालं ते. मला शाळा नाही, किराणा बांधून आलेल्या कागदांवर वाचायला शिकले, त्यामुळं मागचं पुढं झालं तर समजून घ्या.

माझी बहीण आणि तिचा नवरा, दोघं लवकर गेले. पोरगं आमच्याकडंच वाढलं. ज्वारी काढली की मोकळ्या रानात पोरं कबड्डी खेळायची, तिथं हा गुडघे फोडून घ्यायचा आणि मालक हळद लावायचे. पुढं तालुका, मग जिल्हा, मग कुणीतरी पुण्याला नेला, आणि एक दिवस आमचं पोरगं टीव्हीत. विहारापुढं टीव्ही मांडून सगळी वस्ती बघायला बसली. मी विचारलं, याचं काम काय असतं हो नेमकं? तर म्हणे, समोरचा गडी चढाईला आला की त्याचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही. बास, एवढंच. या कामाचा पगार मिळतो हे मला लई दिवस खरं वाटेना. मी जन्मभर शेळ्यांचे पाय धरले, मला कुणी हार घातला नाही.

पण घोट्याची पकड म्हणजे याचीच. टीव्हीवर ती परत परत दाखवायचे, सावकाश, जणू देशाला शिकवायची होती. जयंतीला आमच्या गावात कबड्डीचे सामने असतात. त्याला तो सुट्टी काढून यायचा, आणि सामन्याआधी त्याचा सत्कार व्हायचा. सत्काराचं आमच्या गावाला भारी वेड. सत्कार झाला नाही असा माणूस गावात शोधावा लागेल. तार जोडायला आलेल्या वायरमनचा सुद्धा खांबावरून उतरल्या उतरल्या नारळ देऊन सत्कार केलेला आहे. माईकवर कायम एकच माणूस, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. नोकरी सुटली पण सवय सुटली नाही, बोलता बोलता काही सुचलं नाही की तो माईकवर म्हणतो, पुढं सरका. तर हा कंडक्टर दर जयंतीला गळा ताणून सांगायचा की आता गावच्या भूषणाचा सत्कार त्याच्या काकांच्या शुभहस्ते. मग मालक वर जायचे आणि भाच्याला निळा फेटा बांधायचे. असा बांधायचे की पोरगं त्याच फेट्यात खेळलं असतं.

मग नाव झालं, नावाबरोबर गाडी आली, गाडीबरोबर दोस्त आले आणि दोस्तांबरोबर बाटली. एका लग्नात हा भरदुपारी पिऊन आला. मालक बाजेवर उभे राहून नवरदेवाच्या चुलत्याला फेटा बांधत होते, माणूस लई उंच होता म्हणून. नवरदेव पुढं रांगेत बसलेला. हा म्हणाला, आधी मला बांधा. मालक म्हणाले, आधी नवरदेव, तू टीव्हीत असशील तिथं. माणसं हसली. ते हसणं याला लागलं, आणि यानं खाली वाकून मालकांचा घोटा धरला. तीच पकड, टीव्हीवरची. मालक बाजेवरून जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर पडले. एवढ्यावर थांबलं असतं तर पडलं-झडलं म्हणून मिटलं असतं. पण पडलेल्या माणसाच्या हातावर त्यानं पाय दिला. मी तिथं होते. हे मला अजून हसत सांगता येत नाही, म्हणून एवढंच.

ज्या पकडीला टीव्हीवर टाळ्या पडायच्या तिला गावात केस पडली. मिटवायला कितीजण आले. घरचं पोरगं हाय, करिअर हाय, असं म्हणायचे. मालक म्हणायचे, माझं बी करिअर होतं. कोर्टात मालक स्वतःचा फेटा स्वतःच बांधून गेले, एका हातानं. शपथ घ्यायला मान हलवली आणि फेटा सुटून खांद्यावर आला. आमचे वकील हळूच म्हणाले, आता तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. शिक्षा झाली. संघानं काढून टाकलं. टीव्हीवर दुसराच कुणीतरी घोटे धरायला लागला, आणि आमच्या वस्तीनं टीव्ही विहारात आत उचलून ठेवला.

हाड जुळलं पण पीळ गेला. मालक लग्नांना जायचे, लोक मान राखून डोकं पुढं करायचे, पण फेटा वरातीच्या पहिल्या वळणाला नवरदेवाच्या डोळ्यांवर यायचा. कुणी तोंडावर बोललं नाही. हळूहळू लोक केजहून शिवलेले तयार फेटे आणायला लागले, टोपीसारखे घालायचे. मालक अशा लग्नात जेवायचे आणि घरी आले की म्हणायचे, वरण पाणचट होतं. वरण चांगलं असायचं.

पोरगं सुटून आलं ते गल्लीच्या त्या टोकाला त्याच्या आईबापाच्या बंद खोलीत राहायला लागलं. एक हंगाम ऊस तोडायला गेलं. दारू सोडली म्हणाला, मी काही लगेच मानलं नाही. मी त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन बोलायचे, तो हसून फुंकर मारायचा. पहाटे घाटाच्या रस्त्यानं पळायचा. एक दिवस मला म्हणाला, मावशी, जुन्या कोचला फोन केलता. कोच म्हणाला होता, तुला परत घ्यायचं का नाही ते मी लांबून कसं ठरवू. तुझ्या गावच्या मैदानावर खेळ. ज्यांनी सगळं बघितलंय ती माणसं तुला उतरू देतात का बघतो, मग बोलू. त्याचं वय निघून चाललं होतं. कबड्डीत म्हणे या वयात माणूस म्हातारा होतो. या जयंतीला उतरला तर काहीतरी होतं, नाही तर पुन्हा कोयता, आणि मग कोयताच.

विहाराच्या पायऱ्यांवर बैठक बसली. मालकांना मुद्दाम बोलावलं होतं आणि मुद्दाम सगळ्यात वरच्या पायरीवर बसवलं होतं. कंडक्टरनं सुरुवात केली, माईक नव्हता तरी माईक असल्यासारखी. म्हणाला, कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि परत जिवंत होऊन आत येतो, खेळच तसा आहे, आपण खेळाडू माणसं. हे सगळ्यांना फार पटलं. माना हलल्या.

मालक म्हणाले, "जिवंत व्हायला समोरचा एक बाद व्हावा लागतोय. म्या एकदा झालोय. आता कुणाचा नंबर हाय, बोला."

माना हलायच्या थांबल्या. मग आमच्या अंगणवाडीच्या बाई उठल्या. एरवी त्या बैठकीत बोलत नाहीत. म्हणाल्या, पिऊन मारणारे काय हा एकटाच आहे का, या पायऱ्यांवरच मोजायला लागले तर कितीजणांना मैदानाबाहेर बसवाल. बाया खालच्या अंगाला बसल्या होत्या, त्यांच्यात जे हसू फुटलं ते आवरेना. दोन-चार बाप्यांना चपला शोधायची घाई झाली. मालक मात्र शांत. म्हणाले, पण बाई, त्यांचा आपण फेटा बांधून सत्कार बी करत न्हाई. हेही खरंच होतं. मला तर दोघांचंही पटलं, आणि दोघांचंही पटणं म्हणजे काय त्रास असतो ते त्या दिवशी कळलं.

शेवटी बैठकीनं ठरवलं की काका म्हणतील तसं. काका म्हणाले, म्या कायच म्हणणार न्हाई. झाली बैठक.

मग पोरगं घरी आलं. अंगणात उभं राहिलं, उंबऱ्याच्या आत नाही. मालक शेळीला पाला टाकत होते. त्यांनी वर बघितलं नाही, शेळीला म्हणाले, सांग त्याला, माणूस घरी न्हाई. पोरगं पण आमच्याच घरात वाढलेलं. ते खाली बसलं आणि शेळीलाच म्हणालं, काकांना सांग, बोलू नका माझ्याशी, पण हो का न्हाई तेवढं सांगा. मालक शेळीला म्हणाले, हो म्हटलं तर हात परत येतोय का विचार. असं बराच वेळ चाललं. शेळी एकदा याच्याकडं बघायची, एकदा त्याच्याकडं. मला तिची दया आली, कारण माझं त्या घरात दुसरं काय चाललं होतं.

मी चुलीपासून म्हणाले, अहो, आता त्या मुक्या जिवाला तरी सोडा. तेव्हा मालकांनी पहिल्यांदा पोराकडं बघितलं. उजवा हात वर केला आणि मूठ वळून दाखवली. पूर्ण वळत नाही ती, आंगठा बाहेरच राहतो. पोरगं ते बघत राहिलं, मग उठून गेलं. त्या दिवशी कुणी चटणी मागितली नाही.

जयंतीचा दिवस उजाडला. ऊन असं की मैदानावर मारलेलं पाणी टाकता टाकता वाळत होतं. फक्कीच्या रेषा मारल्या, मांडव घातला. मालकांचं मन राखायला त्यांना अध्यक्ष केलं होतं, गादीच्या खुर्चीवर. तिकडच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर एक टोपीवाला माणूस बसला होता, तो कोच. आणि पोरगं माणसांत खाली बसलेलं, पँटच्या आत खेळायची चड्डी घालून. ती कमरेवर डोकावत होती. मला ते बघवेना. आशा अशी डोकावू नये माणसाची.

सत्कार सुरू झाले. सरपंच झाले, मास्तर झाले, मांडववाला झाला, पाण्याचा टँकर दिला त्याचा झाला. कंडक्टर रंगात आला. रंगात आलेल्या माणसाचं तोंड आपोआप चालतं, आणि त्याच्या तोंडाला वर्षानुवर्षांची वाट पाठ होती. टँकरवाला उतरल्यावर तो त्याच वाटेनं पुढं गेला आणि गळा ताणून म्हणाला, आता आपल्या गावचं भूषण, कबड्डीपटू, यांचा सत्कार त्यांचे काका आणि आजचे अध्यक्ष यांच्या शुभहस्ते फेटा बांधून.

बोलून गेल्यावर त्याला कळलं. कंडक्टरनं माईककडं असं बघितलं, जणू तो माईकच बोलला. काहीतरी बोलून सावरावं म्हणून तो म्हणाला, पुढं सरका.

आता गंमत अशी की आमच्याकडं एकदा माईकवर सत्कार पुकारला की तो मागं घेता येत नाही. तसं आजवर झालेलं नाही. निळं कापड ताटात तयार होतं. पोरगं उठेना, त्याला आजूबाजूच्यांनी उठवलं. मालक खुर्चीवरून उठतील का, हे मला त्यांच्याबरोबर जन्म काढून सुद्धा सांगता आलं नसतं. ते उठले. मी आधी त्यांच्या चपला बघितल्या, घरच्या दिशेला वळतात का म्हणून. नाही वळल्या.

पोरगं त्यांच्यापुढं मान खाली घालून बसलं. मालकांनी कापड उघडलं, एक टोक त्याच्या हातात दिलं.

"धर."

इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेला पहिला शब्द. आणि तो त्या वेळी बोलावाच लागतो, टोक कुणीतरी धरल्याशिवाय फेटा सुरूच होत नाही. मालक वेढे द्यायला लागले. डावा हात चांगला, उजव्यात पीळ नाही. अर्ध्यावर आले आणि सगळं ढासळून पोराच्या नाकावर आलं. मागं कुणीतरी हसलं. पोरानं हात लावला नाही, तसंच नाकावर घेऊन बसलं. मालकांनी परत सुरुवात केली, परत नाकावर. तिसऱ्या डावाला पोरानं विचारलं नाही, फक्त हात वर केला आणि मालकांचा वेढा जिथं ढिला पडायचा तिथं ओढून धरला. मालक वेढा द्यायचे, पोरगं ओढायचं. शेवटी झालं ते चिमणीनं अर्ध्यात सोडलेल्या घरट्यासारखं दिसत होतं. तुरा तर कानातून निघाल्यासारखा. पण पडलं नाही.

कंडक्टर टाळ्या म्हणणार तेवढ्यात मालकांनी त्याच्या हातातला माईक घेतला. मालकांनी माईक घेतलेला मी कधी बघितलेला नाही. तो त्यांनी उलटा धरला होता, तो कंडक्टरनं सरळ केला.

"म्या याला माफ केलेलं न्हाई," मालक म्हणाले. "ते माझं आन त्याचं हाय, त्यात तुमचं काय काम न्हाई. ऱ्हायलं खेळायचं. हात माझा मोडलाय. पाय त्याचे धड हायेत. ते कावून बांधून ठेवायचे?"

एवढं बोलून खुर्चीवर जाऊन बसले आणि पाणी मागितलं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, म्हणजे हो का न्हाई? मी म्हणाले, बाई गं, हेच आमच्या घरात हो असतं.

पोरगं मैदानात उतरलं. फेटा कंडक्टरच्या ताब्यात. समोर धारूरचा संघ, दांडगी पोरं. पहिलीच चढाई आली, गडी पाय टाकत आत आला आणि घोटा याच्या अगदी हाताशी. सगळ्या गावाला माहीत होतं आता काय होणार. हा खाली वाकला. हात घोट्यापर्यंत गेला. आणि न लागताच मागं आला. गडी हसत हसत रेषेपलीकडं गेला. दुसऱ्या वेळी पण तेच. हात जायचा आणि विस्तवाला लागल्यासारखा मागं यायचा. माणसं ओरडायला लागली. टोपीवाला कोच घड्याळ बघायला लागला, आणि मला कळलं की त्या हाताला काय आठवत होतं.

तिसरी चढाई आली. तेवढ्यात अध्यक्षांच्या खुर्चीवरून आवाज आला, माईकची गरज नाही असा.

"धर बे त्याला. तिथं धरायचंच असतंय. मांडवात धरायचं नसतंय."

पोरानं वर बघितलं नाही. खाली गेला आणि असा घोटा धरला की धारूरचा गडी जागेवर बसला आणि आपलाच पाय बघायला लागला. मांडव उठला. मालक तेवढे बसलेले, पण त्यांचा उजवा हात पुढं आला होता, अर्धी मूठ वळलेली.

आता आम्ही जिंकलो असं सांगायला मला आवडलं असतं. दुसऱ्या फेरीत हरलो. कोचनं पोराला बाजूला घेऊन सांगितलं की वेग गेलाय, पकड आहे, एका लहान संघात बोलून बघतो. बोलला बहुतेक, कारण त्यांनी घेतलं. राखीव म्हणून. वस्तीनं टीव्ही परत विहारापुढं मांडला. खेळताना तो अजून दिसलेला नाही. एकदा दिसला म्हणतात, बाकड्यावर, पाणी पिताना. त्यावर सुद्धा सत्कार करायचा विचार चालला होता, मी थांबवला.

लोक मला विचारतात, अशा माणसाला परत उभं करावं का. नुसतं खेळता येतं म्हणून करू नये, असं माझं मत. खेळता येतं म्हणून करू नये असंही नाही. ज्याचा हात मोडला त्याला आधी विचारावं आणि तो शेळीशी बोलत असला तर थांबावं. यापुढं मला येत नाही.

संघाला सुट्टी असली की पोरगं गावी येतं. यंदाच्या लग्नसराईत मालक एक दिवस त्याला म्हणाले, चल. कुठं ते सांगितलं नाही. खालच्या वाडीवर मेंढरंवाल्यांच्या घरचं लग्न होतं, त्यांनी जुन्या ओळखीनं मालकांनाच सांगितलेलं. मालक वेढे देणार, पीळ पोरगं ओढणार, असं दोघांत न बोलता ठरलेलं. पोरानं ओढलं. घोटे धरणारा हात तो, त्याला कमी ओढणं माहीतच नाही. फेटा असा आवळला की नवरदेवाच्या भुवया कपाळावर चढल्या आणि खाली येईनात. त्या वेळचे सगळे फोटो असे, जणू त्याला आत्ताच कुणीतरी सांगितलंय की तुझं लग्न आहे. नवरीकडच्या बाया तोंडाला पदर लावून पळाल्या.

नवरदेवाचा बाप तापला. म्हणाला, म्हातारबा, हा कोण आणलाय, माझ्या पोराचं डोकं फुटंल, जाऊ द्या, आमी केजचा तयार फेटा घालतो.

पोरगं मागं सरलं आणि मान खाली घालून उभं राहिलं. मालक मधी आले. त्यांनी आपला अर्ध्या मुठीचा हात नवरदेवाच्या बापाच्या खांद्यावर ठेवला आणि ज्या आवाजात ते कोर्टात कुणाशी बोलले नाहीत, बैठकीत बोलले नाहीत, माझ्याशी तर नाहीच, त्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, पोरगं नवं हाय. हात जड पडला त्याचा. सोडू आन परत बांधू. एक डाव बांधू द्या त्याला."

मी पंगतीत बसले होते. वाढणाऱ्यानं विचारलं, आजी, वरण? मी म्हणाले, वाढ बाबा, आज कुणी पाणचट म्हणायचं नाही.